नवा एक्स्पान्शन वॉल्व्ह आणि माझा किलोभर जास्तीचा गॅस

एसी दुरुस्तीतली गोष्ट आहे. गेज कसा लावायचा, व्हॅक्यूम का काढायचा, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणारी गार लाइन) कुठली नि लिक्विड लाइन (कंडेन्सरमधून द्रव घेऊन निघणारी) कुठली, हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. आयटीआयचा आपला दोन वर्षांचा ट्रेड झाला असेल किंवा कुणाच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले असतील तर एवढं येतंच. मलाही येत होतं. चार उन्हाळे झाले होते, हाताखाली एक हेल्पर होता, आणि जळगावच्या त्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मी स्वतःला पक्का मेकॅनिक समजूनच चढलो होतो.

साडेपाच टनाचं डक्टेबल एसी युनिट, गॅस ४१०ए. हॉलमध्ये गारवा नाही, सक्शन एकदम खाली, कूलिंग कॉइलचा अर्धा भाग कोरडा ठणठणीत. कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते एक्स्पान्शन वॉल्व्ह ठरवतो, आणि सक्शन पाइपचं तापमान त्याला कळवतो तो बल्ब. त्या बल्बची बारीक नळी पत्र्याला घासून घासून फुटली होती. बल्बमधला गॅस गेला की वॉल्व्ह उघडणारा जोरच संपतो, मग तो मिटून बसतो. हे निदान मी बरोबर केलं, आणि आजही त्याचा थोडा अभिमान आहे. जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला. नव्या वॉल्व्हला ओला फडका गुंडाळून, आतून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग केलं. ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) बदलला, प्रेशर टेस्ट केली, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन थोडा वेळ धरून ठेवला. इथपर्यंत कुणी बोट दाखवावं असं काही नव्हतं.

वजनकाटा तेवढा दुकानावर राहिला होता.

नेमप्लेटवर लिहिलं होतं ३.६ किलो. काटा आणायला माणूस पाठवला असता तर तासाभरात आला असता. पण दुसऱ्या दिवशी लग्न होतं, खाली हळदीची गाणी सुरू झाली होती, आणि मला वाटलं, गेजवर भरू की. आजवर शेकडो स्प्लिट आपण गेजवरच भरलेत.

संध्याकाळचे सात. बाहेर ३२ अंश. गॅस सोडत गेलो, सक्शन वर येत गेलं, आणि ११० पीएसआयला येऊन थांबलं. माझ्या डोक्यात ४१०ए म्हणजे ११८ ते १२०. आणखी सोडला. ११०. आणखी सोडला. १११. हेल्पर म्हणाला, "दादा, सक्शन काही हलेना." मी म्हटलं, भूक लागलीय सिस्टीमला, पाज अजून. हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरकडचं, मात्र हलत होतं. ३६५ वरून ३९०, मग ४१८. ॲम्पियरही वाढत होते, आणि हे मी चांगलं लक्षण समजलो! कॅपिलरीच्या (वॉल्व्हऐवजी नुसती बारीक नळी असलेल्या) मशीनला नेमप्लेटचे ॲम्पियर येईपर्यंत गॅस भरायची सवय लागलेली. शेवटी सक्शन ११४ झालं तेव्हा "चला, झालं" म्हणून नळ्या काढल्या. ग्रिलमधून हवा छान गार येत होती. मालकाने चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारी साडेबाराचा. सव्वाबाराला फोन आला. युनिट हाय प्रेशरवर बंद पडलेलं. रिसेट केलं की दहा मिनिटं चालतं, परत बंद. बाहेर ४३ अंश, हॉलमध्ये पाचशे माणसं, आणि वऱ्हाडी मंडळी पत्रिकांनी वारा घेताहेत.

मी काय केलं? आधी कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवर, पाणी मारलं. मग नवा वॉल्व्हच खराब निघाला असं ठरवलं. मग, आणि हे सांगताना अजून लाज वाटते, वॉल्व्हची टोपी काढून पाना लावला आणि ॲडजस्टमेंटचा स्क्रू दोन आटे फिरवला. कुठल्या बाजूला फिरवला तेही नीट आठवत नव्हतं. म्हणजे आधी चूक एक होती, आता दोन झाल्या, आणि दोन्ही एकमेकींत मिसळल्या.

आमच्या दुकानावर एक उस्ताद होते. ते आले ते हातात फक्त पाइपला चिमट्यासारखा लावायचा थर्मामीटर घेऊन. गेजकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "लिक्विड लाइन किती?"

"गरम आहे."

"गरम म्हणजे किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार उन्हाळ्यांत मी लिक्विड लाइनचं तापमान एकदाही मोजलं नव्हतं. सक्शन लाइन हाताने धरून "बीअरच्या बाटलीसारखी गार हवी" एवढंच मला शिकवलेलं.

त्यांनी चिमटा लावला. ४६ अंश. युनिट बंद पडायच्या आत हेड प्रेशर ५६० च्या वर गेलं होतं. मग त्यांनी लाल गेजच्या काचेवर नख ठेवलं. बाहेरच्या वर्तुळात पीएसआय असतात, आतल्या वर्तुळांत प्रत्येक गॅसचं तापमान असतं. ४१०ए च्या वर्तुळावर काटा ६२ अंशांवर होता. "बासष्टातून शेहेचाळीस गेले?" "सोळा." "किती पाहिजेत?" परत उत्तर नाही. ती आतली वर्तुळं मी रोज बघत होतो, पण घड्याळावरच्या नक्षीसारखी.

आता जरा सावकाश वाचा. मला अडकवलं ते इथेच, आणि दरवर्षी उन्हाळ्यात नवी पोरं इथेच अडकताना बघतोय.

माझं गाव गिरणेच्या पाटाखालचं. ज्यांच्याकडे पाटाचं पाणी आहे त्यांना पाटकरी माहीत असतो. समजा तळं आहे आणि खाली शेत. बांधाला नुसतं भोक पाडलंय. तळ्यात पाणी वाढलं की भोकातून जास्त पाणी येणार, शेत जास्त भिजणार. म्हणजे शेताकडे बघून तळ्यात किती पाणी आहे ते सांगता येतं. ही झाली कॅपिलरी. तळं म्हणजे कंडेन्सर, शेत म्हणजे कूलिंग कॉइल. गॅस वाढवला की सक्शन वाढतं, सुपरहीट (वाफ झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला ते) कमी होतं. म्हणून कॅपिलरीला सक्शन आणि सुपरहीट बघून गॅस भरणं ठीक.

आता त्या भोकाच्या जागी झडप बसवा आणि तिथे एक पाटकरी उभा करा. तो शेताच्या शेवटच्या वाफ्याकडे बघत असतो. शेवटचा वाफा कोरडा पडायला लागला की झडप उघडतो, पाणी बाहेर वाहायला लागलं की ओढून घेतो. एक्स्पान्शन वॉल्व्ह हेच करतो. बल्ब म्हणजे त्याचा डोळा. कॉइलच्या शेवटी गॅस पाच-सहा अंश सुपरहीट होऊन बाहेर पडावा, एवढंच त्याला ठाऊक. तुम्ही तळ्यात दुप्पट पाणी ओता, पाटकरी शेतात लागेल तेवढंच सोडणार. शेत तसंच दिसणार. सक्शन तेच, सुपरहीट तेच. आणि तुम्ही शेताकडे बघत म्हणताय, अजून पाणी कमीच आहे, अजून ओता.

जास्तीचा गॅस जातो कुठे? कंडेन्सरच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये पातळ होऊन उभा राहतो. तिथे तो जितका जास्त साठेल तितका जास्त वेळ बाहेरच्या हवेत गार होत बसतो. म्हणून लिक्विड लाइन गार लागते आणि सबकूलिंग वाढतं. सबकूलिंग म्हणजे उस्तादांची तीच वजाबाकी: गेजच्या आतल्या वर्तुळावरचं तापमान वजा लिक्विड लाइनचं. त्याच वेळी या साठलेल्या द्रवाने कंडेन्सरची जागा खाल्लेली असते. वाफेचा द्रव व्हायला कमी नळ्या उरतात, म्हणून हेड प्रेशर चढतं. संध्याकाळी ३२ अंशांत हे निभावतं. दुपारी ४३ ला निभावत नाही.

माझ्या त्या संध्याकाळचे आकडे नंतर डोक्यात परत मांडले. हेड ३६५ म्हणजे ४३ अंश. तेव्हा लिक्विड लाइन मोजली असती तर ३७ च्या आसपास मिळाली असती, म्हणजे सहा अंश सबकूलिंग. तिथेच थांबायचं होतं. मी गेलो ४१८ पर्यंत, म्हणजे ४९ अंशांपर्यंत. आणि सक्शन ११० ला का अडकलं होतं? हॉल रिकामा होता म्हणून! वर चाळीस दिवे नाहीत, खाली पाचशे माणसं नाहीत, मग कॉइलवर भार येणार कुठून? भार कमी म्हणजे सक्शन कमी. त्यात गॅसचा काही दोष नव्हता. मी रिकाम्या हॉलमध्ये भरलेल्या हॉलचं प्रेशर शोधत होतो.

उस्तादांनी स्क्रू परत जागेवर आणायला पाऊण तास घेतला. थोडा फिरवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, सुपरहीट बघायचं, परत थोडा. त्या पाऊण तासात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग गॅस काढला. काटा आणलाच होता, १ किलो १०० ग्रॅम निघाला. बाहेर ४२ अंश असताना हेड ४६० वर आलं, म्हणजे ५३ अंश. लिक्विड ४७. सहा. युनिट संध्याकाळपर्यंत बंद पडलं नाही, पण तोवर जेवणावळी उरकल्या होत्या. शेठने दोन दिवसांचा पगार कापला. काटा न नेल्याबद्दल कापला असता तर मान्य होतं. कापला तो "गिऱ्हाइकासमोर नाक कापलं" म्हणून. असो.

मी आता कसं करतो ते सांगतो. पहिली गोष्ट, वजन. वॉल्व्ह बदलायचा म्हणजे गॅस काढलेलाच असतो, मग सगळा नव्याने मोजून भरा. काढलेला जुना गॅस किती होता त्यावर जाऊ नका. मिटलेल्या वॉल्व्हच्या युनिटवर तुमच्या आधी तीन जण "गॅस कमी आहे" म्हणत टॉप-अप करून गेलेले असतात. तो आकडा आजारी मशीनचा आकडा आहे. नेमप्लेटचं वजन घ्या. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे ते दिलेलं असतं. आधी नेमप्लेटच्या थोडं कमीच भरा. ४१०ए सिलिंडर उलटा करून द्रवरूपातच घ्यायचा, पण चालू मशीनच्या सक्शनला थोडा थोडा, नळ आवळून. कॉम्प्रेसरला द्रव गिळायला लावू नका.

त्याआधी फिल्टर आणि कंडेन्सर धुऊन घ्या. घाणेरड्या कंडेन्सरवर मोजलेलं सबकूलिंग म्हणजे चिखलाचे बूट घालून केलेलं वजन. मशीन किमान पंधरा मिनिटं चालू द्या. जमलं तर हॉलची दारं उघडा, भार येऊ द्या.

मग चिमटा लिक्विड लाइनवर, कंडेन्सरमधून बाहेर पडते त्याच्या जवळ. जागा घासून साफ करा आणि वरून इन्सुलेशनचा तुकडा गुंडाळा. गच्चीवर उन्हात तापलेल्या पाइपने मला एकदा तीन अंशांचा दगा दिलाय. प्रेशरही शक्यतो लिक्विड लाइनच्याच पोर्टवर घ्या. डिस्चार्जला घेतलं तर कंडेन्सरमधली घट हिशेबात येते आणि सबकूलिंग खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. कंपनीने सबकूलिंगचा आकडा दिला असेल तर तोच पाळा. आपल्याकडच्या बऱ्याच युनिटवर तो लिहिलेला नसतो. मग मी पाच ते सात अंशांच्या दरम्यान थांबतो आणि वजनाशी ताडून बघतो. दोन्ही जुळत नसतील तर गॅस घालत बसायचं नाही, कारण शोधायचं.

कारण शोधायला दोन्ही आकडे एकत्र बघावे लागतात. सबकूलिंग जवळजवळ शून्य आणि सुपरहीट जास्त: तळं रिकामं, पाटकऱ्याने झडप पूर्ण उघडूनही पाणी नाही, म्हणजे गॅस खरंच कमी. सबकूलिंग जास्त आणि सुपरहीटही जास्त: तळं भरलंय पण शेत कोरडं, म्हणजे मधे चोक (अडथळा) आहे. ड्रायर, वॉल्व्हची जाळी, नाहीतर बल्ब मेलाय. सुपरहीट बरोबर पण सबकूलिंग जास्त: गॅस जास्त झालाय (तो भरणारा माणूस मीच होतो, हे विसरू नका), किंवा आत हवा राहिलीय. हवेची शंका असेल तर कॉम्प्रेसर बंद ठेवून कंडेन्सरचा पंखा चालू द्या. पाइपचं तापमान बाहेरच्या हवेएवढं झालं की प्रेशर बघा. ४१०ए असेल आणि बाहेर ३५ अंश असतील तर २९५ च्या आसपास हवं. त्याहून बरंच वर असेल तर व्हॅक्यूम नीट झालेला नाही, पळवाट नाही, परत सगळं काढा. आणि सबकूलिंग ठीक पण सुपरहीट जवळपास शून्य, तर नव्वद टक्के वेळा बल्ब ढिला बांधलेला असतो.

बल्बबद्दल दोनच वाक्यं. आडव्या, घासून स्वच्छ केलेल्या सक्शन पाइपवर, तांब्याच्या पट्टीने घट्ट, वरून इन्सुलेशन, आणि पाइपच्या तळाला कधीही नाही, कारण तिथून तेल वाहतं. इक्वलायझरची (कॉइलच्या शेवटचं प्रेशर वॉल्व्हला कळवणारी) नळी असेल तर ती बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला.

सगळीकडे हाच हिशेब चालतो असं नाही. रिसीव्हर (द्रव साठवायची टाकी) असलेल्या सिस्टीममध्ये जास्तीचा गॅस रिसीव्हरमध्ये बसतो, तिथे सबकूलिंग बघून चार्ज ठरत नाही. तिथे वजन आणि साइट ग्लास, म्हणजे लाइनवरची काचेची खिडकी. पण साइट ग्लास स्वच्छ दिसला म्हणजे गॅस बरोबर, असंही नाही. बरोबर भरला तरी स्वच्छ, दीडपट भरला तरी स्वच्छ. घरातल्या इन्व्हर्टर स्प्लिटमध्ये इलेक्ट्रॉनिक वॉल्व्ह असतो आणि कॉम्प्रेसरचा वेगही बदलत असतो, तिथे वजनाशिवाय काहीही मानू नका. त्यातला आर-३२ पेट घेऊ शकतो हेही लक्षात ठेवा. गॅस पूर्ण काढून, नायट्रोजन फिरवूनच टॉर्च पेटवा. आणि ४०७सी हाताळायला मिळालं तर त्याला एका प्रेशरला दोन तापमानं असतात. सबकूलिंगला बबल पॉइंट (द्रव उकळायला लागतो तो) आणि सुपरहीटला ड्यू पॉइंट (वाफेचा द्रव व्हायला लागतो तो) घ्या, नाहीतर पाच-सहा अंशांनी हुकाल.

आता थोडं उस्ताद लोकांबद्दल. माझा राग हाताने पाइप धरून गॅस सांगणाऱ्यांवर नाही. तीस वर्षं विंडो आणि स्प्लिट हाताळलेल्या माणसाचा हात खरंच बोलतो, पण तो कॅपिलरीच्या भाषेत बोलतो. राग त्यांच्यावर आहे जे पोरांना "एवढं पीएसआय आलं की बंद कर" एवढंच सांगतात आणि का ते सांगत नाहीत. विचारलं तर "तुला शिकायचंय की काम करायचंय?" माझ्या मते असा माणूस गुरू नसतो, तो फक्त तुमच्या आधी आलेला असतो. मला खरं शिकवलं त्या उस्तादांनी, आणि त्यांनीही चार वर्षं मला ते सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा विचारा. शिव्या बसतील, बसू द्या.

हेही सांगतो की घाबरून जाऊ नका. हे गणित म्हणजे एक वजाबाकी आहे, दहावीला दोनदा बसलेल्यालाही येते. मी बसलोय, म्हणून सांगतो. पहिल्या दहा युनिटवर वेळ लागेल, मालक घड्याळ बघेल, हेल्पर कंटाळेल. त्यानंतर गेजवरचं आतलं वर्तुळच आधी दिसायला लागतं आणि पीएसआय नंतर. पैसे साठवून डिजिटल मॅनिफोल्ड (गेजचा संच) घेण्याआधी दोन चांगले पाइपचे चिमटे घ्या आणि वजनकाटा गाडीतून खाली उतरवू नका. माझा आता ड्रायव्हरच्या सीटमागे दोरीने बांधलेला असतो.

शेवटचं एक काम मी अजून करतो. पॅनेल लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहितो: तारीख, बाहेरचं तापमान, हेड, लिक्विड, सबकूलिंग, सुपरहीट, किती ग्रॅम भरला. संध्याकाळी चार्ज केलं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला परत जातो आणि दुसरी ओळ लिहितो. त्या फेरीचे पैसे कुणी देत नाही. त्या मंगल कार्यालयाच्या युनिटवर आता अशा नऊ ओळी आहेत. सगळ्यात वरची उस्तादांच्या हातची आहे, त्यात नुसतं "सहा" लिहिलंय.